जस्टिन फील्ड्स आणि शिकागो बेअर्स: तीन सेकंदांचं प्रकरण

२६ सप्टेंबर २०२१, रविवार. क्लीव्हलंडच्या मैदानात शिकागो बेअर्स या अमेरिकन फुटबॉलच्या टीमनं आपला नवा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य गडी, पहिल्यांदाच सामन्याच्या सुरुवातीपासून उतरवला. सामना संपला तेव्हाचा हिशेब असा होता: जस्टिन फील्ड्सनं चेंडू फेकला २० वेळा, झेलले गेले ६, यार्ड मिळाले ६८. त्याच सामन्यात समोरच्यांनी त्याला नऊ वेळा चेंडूसकट जमिनीवर आडवा केला आणि त्या नऊ वेळांत ६७ यार्ड मागे गेले. वजाबाकी करा. सबंध दुपारभर पासिंगमधून बेअर्सची निव्वळ कमाई एक यार्ड. आमच्या स्वयंपाकघरातला ओटासुद्धा याहून लांब आहे.

मी शिकागोच्या उपनगरात राहतो. पुढची तीन वर्षं इथे सोमवारी सकाळी कॉफीच्या मशीनपाशी एकच वाद ऐकला: पोरगं वाईट की टीम वाईट? दोन्ही बाजूंचे लोक एकाच सामन्याचे पुरावे द्यायचे. त्या वादानं मला या प्रकरणाकडे ओढलं. निकाल लागून गेलाय, माणूस दोन टीम फिरून आलाय, त्याच्या जागी आलेल्याचेही दोन हंगाम झालेत. एवढा माल हाताशी असल्यावर जरा शांतपणे बघता येतं.

खेळ न बघणाऱ्यांसाठी

अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकच्या पुढे पाच धिप्पाड गडी भिंतीसारखे उभे असतात, त्यांना लाइन म्हणतात. चेंडू त्याच्या हातात आला की समोरचे चार-पाच जण ती भिंत फोडायला निघतात. त्याच वेळी त्याचे स्वतःचे रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे गडी, ठरलेल्या वाटांनी पळत असतात. साधारण अडीच सेकंदांत त्यानं बघायचं, ठरवायचं आणि फेकायचं. चेंडू हातात असताना तो पकडला गेला की त्याला सॅक म्हणतात, आणि जिथे पाडलं तिथून पुढचा डाव सुरू होतो, म्हणजे जमीनही गेली.

कबड्डी बघणाऱ्याला हे चटकन कळेल. चढाईला गेलेला गडी एक गुण घेऊन परत येऊ शकत असताना आणखी एकाला टिपायच्या नादात आत रेंगाळला आणि पकडला गेला, तर दोष कुणाचा? चांगली पकड करणाऱ्याचा मान आहेच. पण पंचक्रोशीतला कुठलाही जुना खेळाडू म्हणेल, ‘अरे, पण हा निघाला का नाही?’

आता याच्या उलट. समजा गडी मैदानात शिरताच चौघांनी घेरलं. तेव्हा निघणार तरी कुठून? फील्ड्सच्या बाबतीत दर आठवड्याला या दोन्ही गोष्टी एकाच सामन्यात घडत होत्या. म्हणून वाद मिटत नव्हता.

माल अस्सल होता

फील्ड्स जॉर्जियातल्या केनेसॉचा. एक वर्ष जॉर्जिया विद्यापीठात बाकावर काढून तो ओहायो स्टेटला गेला. २०१९च्या हंगामात ४१ टचडाउन पास (चेंडू थेट शेवटच्या रेषेपार पोचवणारे) आणि फक्त ३ इंटरसेप्शन (समोरच्यांनी झेललेले पास). १ जानेवारी २०२१ला शुगर बोल या कॉलेजांच्या मोठ्या सामन्यात क्लेम्सनविरुद्ध बरगड्यांवर असा फटका बसला की माणूस वाकडा होऊन बाहेर आला, आणि परत जाऊन त्यानं एकूण सहा टचडाउन पास फेकले. धावण्यात ४० यार्ड ४.४ सेकंदांच्या घरात. सव्वासहा फुटांच्या आसपास उंची, मजबूत बांधा, लांबवर सरळ जाणारा हात. असा ऐवज दरवर्षी बाजारात येत नाही.

तरी ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम कॉलेजातले खेळाडू आळीपाळीनं निवडतात तेव्हा, तो अकराव्या क्रमांकापर्यंत घसरला. ट्रेव्हर लॉरेन्स पहिला, झॅक विल्सन दुसरा, ट्रे लान्स तिसरा गेला. पारखी लोकांची एक कुरकुर होती: हा पहिल्या रिसीव्हरकडे फार वेळ बघतो, चेंडू हातात धरून ठेवतो. कुरकुर खोडून काढणारेही तितकेच होते. ओहायो स्टेटची आखणीच सावकाश उलगडणाऱ्या लांब वाटांची, असं त्यांचं म्हणणं. ही नोंद इथेच करून ठेवतो, कारण पुढे तिच्याकडे परत यायचंय.

बेअर्सनी विसाव्या क्रमांकावरून वर चढण्यासाठी न्यूयॉर्क जायंट्सना पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीची निवड धरून बराच ऐवज दिला. घाई समजण्यासारखी होती. या टीमच्या शंभर वर्षांच्या इतिहासात एकाही क्वार्टरबॅकनं एका हंगामात ४,००० यार्ड फेकलेले नाहीत. अशी एनएफएल या व्यावसायिक लीगमधली ही एकमेव टीम. २०१७ साली त्यांनी पॅट्रिक माहोम्सला सोडून मिच ट्रुबिस्कीला घेतलं होतं, त्याची ठसठस शहरात अजून होती. त्यामुळे फील्ड्स आला तेव्हा तो बावीस वर्षांचा खेळाडू कमी आणि नवसाचा मुलगा जास्त होता.

घर मात्र असं

पहिल्या वर्षी मुख्य कोच मॅट नेगी यांनी अँडी डाल्टन हाच पहिला क्वार्टरबॅक असं जाहीर केलं होतं आणि सरावात बराचसा वेळ त्यालाच दिला. डाल्टन दुखावला म्हणून फील्ड्सला क्लीव्हलंडला उभं केलं. डाव्या टोकाला राखणदार होता जेसन पीटर्स, वय ३९. समोर माइल्स गॅरेट, त्या पिढीतला बहुधा सगळ्यात भयंकर धावून येणारा. अशा माणसासमोर टोकाच्या गड्याला मदतीला आणखी एक जण द्यायचा असतो, चेंडू पटकन सुटेल अशा आखूड वाटा आखायच्या असतात, क्वार्टरबॅकला बाजूला पळवत नेऊन फेकायला लावायचं असतं. त्या दिवशी यातलं फारसं काही दिसलं नाही. गॅरेटचे साडेचार सॅक झाले. पुढच्याच आठवड्यात डाव पुकारण्याचं काम नेगींकडून बिल लेझरकडे गेलं आणि बेअर्स जिंकले. हा सामना मी टीमच्या खात्यावर टाकतो, जवळजवळ सगळाच्या सगळा.

हंगाम ६ विजय, ११ पराभव असा संपला. फील्ड्सचे ७ टचडाउन पास, १० इंटरसेप्शन. जानेवारी २०२२मध्ये नेगी आणि जनरल मॅनेजर रायन पेस दोघांनाही नारळ मिळाला.

नवे जनरल मॅनेजर रायन पोल्स यांनी घर दुरुस्त करायच्या आधी पाडायला घेतलं. बचावातला खलील मॅक चार्जर्सना विकला. हंगाम चालू असताना रॉबर्ट क्विन ईगल्सना आणि रोक्वान स्मिथ रेव्हन्सना. ॲलन रॉबिन्सन हा भरवशाचा रिसीव्हर करार संपून निघून गेला होता. उरले डार्नेल मूनी, एक्वानिमियस सेंट ब्राउन, बायरन प्रिंगल, डांटे पेटिस, आणि टाइट एंड, म्हणजे लाइनला लागून उभा राहून पासही झेलणारा, कोल कमेट. मूनी आणि कमेट सोडले तर बाकीचे इतर टीममध्ये तिसऱ्या-चौथ्या नंबरला बसले असते. बचावाची गत त्याहून वाईट: २०२२मध्ये लीगमध्ये सर्वाधिक गुण बेअर्सनी दिले, आणि समोरच्या क्वार्टरबॅकना सर्वांत कमी वेळा पाडलं. सबंध हंगामात टीममध्ये सर्वाधिक सॅक कुणाचे, तर जॅक्वान ब्रिस्कर नावाच्या नवख्या सेफ्टीचे, चार. सेफ्टी म्हणजे सगळ्यात मागे उभा राहणारा. घरफोडी अडवायला माळ्यावरचा माणूस खाली उतरतोय, असा प्रकार.

नव्या कोचांचा, मॅट एबरफ्लूस आणि आक्रमण सांभाळणारे लूक गेट्सी यांचा, या मुलावर किती विश्वास होता ते पहिल्या तीन सामन्यांत कळलं. तीन सामने मिळून फील्ड्सनं ४५ वेळा फेकलं, २३ झेलले गेले, २९७ यार्ड. चांगला क्वार्टरबॅक एवढे यार्ड एका रविवारी करतो. ग्रीन बेविरुद्ध तर पूर्ण सामन्यात ११ पास. पोहायला शिकवायचं म्हणून पोराला विहिरीवर न्यायचं आणि काठावर बसवून परत आणायचं, असं चाललं होतं.

मग ऑक्टोबरच्या मध्यानंतर गेट्सींनी त्याच्या पायांसाठी डाव आखायला सुरुवात केली आणि सगळ्या देशानं मान वळवून बघितलं.

तीन आठवडे, सात गुण

२०२२च्या नोव्हेंबरमधले तीन सामने या प्रकरणाचा गाभा आहेत, त्यामुळे इथे थांबतो.

६ नोव्हेंबर, मायामीविरुद्ध, सोल्जर फील्डवर. फील्ड्स १७८ यार्ड धावला. साध्या हंगामातल्या, म्हणजे बाद फेरी सोडून, सामन्यात क्वार्टरबॅकनं केलेला तोवरचा विक्रम मायकल विकच्या नावावर होता, १७३, वीस वर्षांपूर्वीचा. त्यातली एक धाव ६१ यार्डांची. डाव पासचा होता. भिंत फुटायला लागली तसा तो पुढे सरकला, फेकतोय असा हात उचलला, समोरचा गडी अर्धा क्षण थबकला, आणि तेवढ्यात हा त्याच्या बाजूनं निसटला. मग कुणी जवळच येऊ शकलं नाही. मी घरात उभा राहून ओरडलो, हे कबूल करतो. नंतर निवांत पुन्हा बघितलं तेव्हा एक गोष्ट खटकली: तो निसटला त्याच्या आधी एक आखूड पास उघडा होता. तो फेकला असता तर आठ-नऊ यार्ड मिळाले असते आणि कुणाच्या लक्षातही राहिला नसता. ६१ यार्ड मिळाल्यावर कोण कोच त्याला सांगणार, की बाबा, तो आठ यार्डांचा का नाही फेकलास?

बेअर्स ३५-३२ हरले. अखेरच्या चढाईत चौथ्या आणि शेवटच्या संधीला फील्ड्सनं चेंडू सेंट ब्राउनच्या हातात पोचवला. त्यानं तो सोडला.

१३ नोव्हेंबर, डेट्रॉइटविरुद्ध. आघाडी हातात असताना फील्ड्सनं एक आळशी पास फेकला. जेफ ओकूडानं तो मधेच उचलला आणि थेट टचडाउन केलं. बरोबरी झाली. पुढच्या चढाईत फील्ड्स स्वतः ६७ यार्ड धावून गेला आणि चूक भरून काढली. त्यानंतरची एका गुणाची किक कायरो सँटोसनं हुकवली. डेट्रॉइटनं पुन्हा टचडाउन केलं, किकही मारली, ३१-३०. शेवटच्या चढाईत फील्ड्स चेंडू हातात ठेवूनच पडला.

२० नोव्हेंबर, अटलांटाविरुद्ध. २७-२४नं हार. अखेरचा पास जरा उंच गेला, डेव्हिड माँटगोमरीच्या हातांना लागून उडाला आणि प्रतिस्पर्ध्यानं झेलला. त्याच चढाईत फील्ड्सचा डावा खांदा दुखावला.

तीन सामने, मिळून सात गुणांचं अंतर, आणि तीन अखेरच्या चढाया. पहिली रिसीव्हरनं घालवली. दुसरी फील्ड्सनं. तिसरी अर्धी-अर्धी, पास उंच होता, पण हाताला लागला होता. वादातल्या दोन्ही पक्षांना हव्या तेवढ्या चित्रफिती या तीन आठवड्यांत मिळाल्या, आणि दोघेही खरं बोलत होते.

हंगामअखेर: १,१४३ यार्ड धावून. क्वार्टरबॅकसाठी लामार जॅक्सनचा १,२०६चा विक्रम ६३ यार्डांनी राहिला, कारण शेवटच्या सामन्यात फील्ड्स कमरेच्या दुखण्यानं बाहेर होता. पासिंग २,२४२ यार्ड, १७ टचडाउन, ११ इंटरसेप्शन. सॅक ५५, लीगमध्ये सर्वाधिकांच्या बरोबरीनं. टीम ३-१४, शेवटचे दहा सामने ओळीनं हरलेली, लीगमध्ये तळाला. गंमत म्हणजे धावण्याच्या यार्डांत हीच टीम लीगमध्ये पहिली.

सॅक कुणाच्या खात्यावर

इथवरचं वाचून माझा कल टीमला दोष देण्याकडे आहे असं वाटेल. २०२२च्या डिसेंबरपर्यंत होताही. मग मी मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन सामने पुन्हा बघायला लागलो. चेंडू हातात आला की सुरू, सुटला की बंद. घरच्यांनी खुळ्यात काढलं. लीगकडे याची अचूक मोजणी असतेच, आणि ती सांगत होती की फील्ड्स सरासरी तीन सेकंदांच्या वर चेंडू धरून ठेवतो, लीगमधल्या सगळ्यात संथ लोकांत. पण स्वतः मोजल्याशिवाय ते पोटात शिरत नाही. अडीच सेकंदांना भिंत अजून उभी दिसायची. तीनला ती वाकायची. साडेतीनला तो खाली असायचा, आणि समालोचक म्हणायचा की लाइननं घात केला.

सॅकचं प्रमाण काढायला सोपं आहे. पास फेकले तेवढे आणि सॅक झाले तेवढे, यांची बेरीज म्हणजे एकूण प्रयत्न. त्यात शेकडा किती वेळा पडला. लीगची सरासरी सहा-सातच्या आसपास असते. फील्ड्सचं २०२१मध्ये १२, २०२२मध्ये १५, २०२३मध्ये ११. लाइनमधली माणसं दरवर्षी बदलली, आकडा दोन अंकीच राहिला.

या वर्षांत नकळत एक प्रयोगही होऊन गेला. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये फील्ड्सचा अंगठा निखळला आणि टायसन बेजंट चार सामने खेळला. हा ड्राफ्टमध्ये कुणी न घेतलेला, शेफर्ड या छोट्या विद्यापीठातून आलेला मुलगा. हात फील्ड्सच्या निम्मा, पाय त्याहून कमी. त्याच लाइनमागे तो हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच वेळा सॅक झाला, कारण त्याला ठाऊक होतं की आपण कुणाला चुकवून पळू शकत नाही, तेव्हा चेंडू दोन सेकंदांत सोडलेला बरा. टीम चारातले दोन सामने जिंकली. मात्र त्याच्या ३ टचडाउनांसमोर ६ इंटरसेप्शन होती. पटकन सोडण्याचीही किंमत असतेच. तरी ‘या लाइनमागे कुणीही पडलाच असता’ हे वाक्य त्यानंतर मी बोलायचं सोडलं.

माझं मत असं बनलं की सवय त्याची, आणि तिला खतपाणी बेअर्सचं. कॉलेजातून येताना ती थोडी होतीच, ती पारखी मंडळींची कुरकुर आठवा. अशा मुलाला पहिल्या दोन वर्षांत हवे असतात वेळेवर उघडे होणारे रिसीव्हर, म्हणजे ‘फेक, तिथे माणूस असेल’ हा भरवसा अंगात मुरतो. त्याला मिळाले सेंट ब्राउन आणि पेटिस. फेकलं की कुणी नाही, धरलं की मार, पळालं की ६१ यार्ड. तिन्हींतून पोरगं काय शिकेल?

तो स्वतःही हे जाणून होता. सप्टेंबर २०२३मध्ये तो पत्रकारांना म्हणाला की मी यंत्रासारखा खेळतोय, फार विचार करतोय, आणि त्याचं एक कारण म्हणून त्यानं कोचिंगचं नाव घेतलं. गदारोळ झाला. त्याच दिवशी त्यानं पत्रकारांना पुन्हा गाठून सांगितलं की मला दोष कुणालाच द्यायचा नव्हता. मला त्याचं पहिलं बोलणं जास्त खरं वाटलं, आणि त्यात गैरही काही वाटलं नाही.

चांगला रिसीव्हर आल्यावर

त्या काळी बेअर्सच्या चाहत्यांचा आवडता दाखला जॉश ॲलनचा होता. बफलोत पहिल्या वर्षी त्याचे शेकडा ५३ पास झेलले गेले, दुसऱ्या वर्षी ५९. मग २०२०मध्ये स्टीफॉन डिग्ज आला आणि आकडा एकदम ६९वर. फिलाडेल्फियात ए. जे. ब्राउन आल्यावर जेलन हर्ट्सचंही तसंच झालं. म्हणजे फील्ड्सला एक खरा रिसीव्हर द्या आणि बघा.

दिला. मार्च २०२३मध्ये बेअर्सनी ड्राफ्टमधली पहिली निवड कॅरोलायनाला दिली आणि बदल्यात इतर निवडींबरोबर डी. जे. मूर घेतला. ५ ऑक्टोबरला वॉशिंग्टनमध्ये मूरनं २३० यार्ड आणि तीन टचडाउन केले, फील्ड्सनं चार टचडाउन पास फेकले, चौदा सामन्यांची पराभवाची साखळी तुटली. त्याच्या आधीच्याच रविवारी डेन्व्हरविरुद्ध तर पहिले सोळा पास ओळीनं झेलले गेले होते, २८-७ची आघाडी होती. आणि त्याच सामन्यात, सात गुणांची आघाडी उरलेली असताना, तो चेंडू धरून मागे उभा राहिला, बाजूनं निक बॉनिटो येऊन आदळला, चेंडू सुटला आणि जॉनथन कूपरनं उचलून टचडाउन केलं. पुढे बरोबरी असताना किक मारायची सोडून कोचनी चौथ्या आणि शेवटच्या संधीला धाव घ्यायचा डाव टाकला, तो फसला, आणि सामना ३१-२८नं गेला. चार दिवसांत दोन सामने आणि हा खेळाडू सबंध.

पासांची अचूकता ६१ टक्क्यांपर्यंत आली. म्हणजे सुधारणा खरी होती, पण ॲलनसारखी उडी नव्हती. तीन हंगाम मिळून ३८ सामन्यांत १० विजय, २८ पराभव, १३५ सॅक.

कॅरोलायनाची टीम त्या वर्षी इतकी वाईट खेळली की त्यांच्याकडून मिळालेली निवड पुन्हा पहिल्या क्रमांकाची ठरली. इथे माझ्या मते खेळाचा प्रश्न संपून हिशेबाचा सुरू झाला. फील्ड्सला ठेवायचं तर मे २०२४पर्यंत करार पाचव्या वर्षापर्यंत वाढवायचा पर्याय उचलायचा, म्हणजे अडीच कोटी डॉलरच्या वर एका वर्षाचे. कॉलेजातून येणाऱ्या केलेब विल्यम्स या क्वार्टरबॅकला घ्यायचं तर चार-पाच वर्षं स्वस्त करार नव्यानं सुरू, आणि वाचलेल्या पैशात बाकीचं घर बांधायचं. ३१ डिसेंबर २०२३ला सोल्जर फील्डवर अटलांटाला हरवल्यावर प्रेक्षक ‘आम्हाला फील्ड्सच हवा’ असा घोष करत होते. पोल्स यांना तो ऐकू आला असणारच. मार्चमध्ये फील्ड्स पिट्सबर्गला गेला, बदल्यात सहाव्या फेरीची अटीसह एक निवड. ज्याच्यासाठी पहिल्या फेरीच्या दोन निवडी मोजल्या, त्याचा हा बाजारभाव.

नंतरचा पुरावा

पिट्सबर्गमध्ये रसेल विल्सन दुखावल्यामुळे पहिले सहा सामने फील्ड्स खेळला. चार जिंकले. पाच टचडाउन पास, एकच इंटरसेप्शन. तरी सातव्या सामन्यापासून कोच माइक टॉमलिन यांनी विल्सनला उतरवलं. शिकागोत ओळीनं दहा हरूनही जागा टिकली, इथे चार जिंकून गेली. जिंकणं-हरणं क्वार्टरबॅकच्या नावावर लिहिण्याची पद्धत किती पोकळ आहे ते याहून चांगलं कुठे दिसणार. सॅकचं प्रमाण त्या चांगल्या टीममध्ये नऊवर आलं. कमी झालं, पण सरासरीच्या वरच.

शिकागोत मात्र गोष्ट उलटली. २०२४मध्ये विल्यम्स ६८ वेळा सॅक झाला, प्रमाण अकराच्या घरात, म्हणजे थेट फील्ड्सचंच. तेव्हा मी माझं मत परत तपासायला घेतलं, हे सांगायला हवं. एबरफ्लूस यांना हंगाम चालू असतानाच काढलं, बेअर्सच्या इतिहासात मुख्य कोचच्या बाबतीत असं पहिल्यांदा घडलं. २०२५मध्ये बेन जॉन्सन कोच आले, लाइनच्या मधल्या तिन्ही जागा नव्यानं भरल्या: जो थूनी, ड्रू डालमन, जोना जॅक्सन. विल्यम्सचे सॅक निम्म्याहूनही खाली आले, टीमनं ११ सामने जिंकून गट जिंकला. म्हणजे घर खरोखरच वाईट होतं. फील्ड्सच्या समर्थकांनी तीन वर्षं जे सांगितलं ते खोटं नव्हतं.

फक्त त्याच वर्षी फील्ड्सकडेही नवीन घर होतं. न्यूयॉर्क जेट्सनी त्याला दोन वर्षांचे ४ कोटी डॉलर देऊन घेतलं होतं. १२ ऑक्टोबर २०२५ला त्यांचा सामना लंडनमध्ये डेन्व्हरविरुद्ध होता, शिकागोच्या घड्याळात सकाळी साडेआठला. बेअर्सचा सामना दुसऱ्या दिवशी रात्री होता, त्यामुळे पोह्यांची बशी घेऊन मी याच्यासाठी बसलो. चार वर्षांनी, तिसऱ्या टीममध्ये, चौथ्या पद्धतीचं आक्रमण, वेगळी लाइन, वेगळे कोच. फोन शेजारी ठेवला होता, जुनी सवय. नऊ सॅक झाले. ४५ यार्ड फेकून मिळवले, ५५ मागे गेले. हिशेब उणे दहा. टीम १३-११नं हरली, म्हणजे एक किक इकडची तिकडे झाली असती तर जिंकलीही असती. नोव्हेंबरमध्ये त्याच्या जागी टायरॉड टेलर आला.

त्या सकाळी शेवटच्या काही डावांना मी स्टॉपवॉच दाबलंच नाही. तोंडानंच मोजत होतो. तीनला आलो की समोरून बायको म्हणायची, ‘पडला?’